मजकूर वाचायचा कसा, मोजायचा कसा : वाशीमच्या ताम्रपटापासून सोयाबीनच्या बातमीपर्यंत

वाशीम येथे १९३९ साली एक ताम्रपट उजेडात आला. चार पत्रे आणि त्यांवर कोरलेला एक दानलेख. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या सदतिसाव्या राज्यवर्षी वत्सगुल्माहून, म्हणजे वाशीमहूनच, एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिले, एवढाच त्याचा विषय. आकासपद्द नावाचे हे गाव नंदीकडाच्या, म्हणजे आजच्या नांदेडच्या, उत्तर मार्गावर होते. त्याच वर्षी डॉ. य. खु. देशपांडे आणि महाजन यांनी हा लेख इंडियन हिस्टरी काँग्रेसपुढे ठेवला. पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचे बारकाईने संपादन केले. या एका मजकुरामुळे विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचे एक प्रकरण नव्याने लिहावे लागले.

मजकूर हाच पुरावा मानून संशोधन करण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिली संहिताविश्लेषण. एखादा मजकूर काय सांगतो, कोणत्या शब्दांत सांगतो, काय गृहीत धरतो आणि काय वगळतो, हे जवळून पाहणे म्हणजे संहिताविश्लेषण. दुसरी आशयविश्लेषण. पुष्कळ मजकूर हाती असताना त्यांत कोणती गोष्ट किती वेळा, कुठे आणि कोणाच्या तोंडून येते, हे आधी ठरवलेल्या नियमांनी मोजणे म्हणजे आशयविश्लेषण. पहिलीत खोली असते, दुसरीत विस्तार. इतिहास, समाजशास्त्र, वृत्तपत्रविद्या, शिक्षणशास्त्र, राज्यशास्त्र या सगळ्या विषयांत या पद्धती वापरतात. प्रबंधाच्या ‘संशोधन पद्धती’ प्रकरणात त्यांची नावेही हमखास असतात. पण नाव लिहून पद्धत वापरली असे होत नाही. प्रत्यक्ष काम कसे चालते ते वाशीम जिल्ह्यातल्याच मजकुरांवर पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : पाठ पक्का करणे

अर्थ लावण्यापूर्वी मजकूर नेमका काय आहे हे ठरवावे लागते. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून पुष्कळजण ती वगळतात आणि तिथेच फसतात.

वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची वंशावळ अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखातही आहे. हा लेख झिजलेला आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी, भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांच्यासारख्या मोठ्या अभ्यासकांनी तो वाचला. पहिल्या प्रवरसेनानंतरची दोन नावे झिजलेल्या अक्षरांतून रुद्रसेन आणि पृथ्वीषेण अशी लावली गेली. ही नावे वाकाटकांच्या इतर ताम्रपटांतून माहीत होती, त्यामुळे ती चपखल बसली. वाकाटकांचे घराणे एकच, सरळ ओळीत चालत आलेले, असे चित्र तयार झाले. कुंतलाच्या राजावर मिळवलेल्या विजयाचे श्रेयही त्या चित्रानुसार पृथ्वीषेणाकडे गेले.

वाशीमच्या ताम्रपटात मात्र क्रम वेगळा निघाला. प्रवरसेन, त्याचा मुलगा सर्वसेन आणि सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती. तो समोर ठेवून मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा पाहिला आणि दाखवून दिले की तिथली नावे सर्वसेन आणि विंध्यसेन (हाच वाशीमच्या ताम्रपटातला विंध्यशक्ती) अशी आहेत. म्हणजे प्रवरसेनानंतर घराण्याला फाटे फुटले होते. एका शाखेने नंदिवर्धनाहून, रामटेकच्या परिसरातून, राज्य केले आणि दुसरीने वत्सगुल्माहून. कुंतलावरचा विजय वत्सगुल्माच्या विंध्यसेनाकडे आला. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यामागे कोणते राजघराणे होते, या प्रश्नाचे उत्तरही वाशीमकडे वळले.

यातून तीन गोष्टी शिकाव्यात. पहिली, झिजलेल्या जागी आपण आपल्याला ठाऊक असलेलेच शब्द वाचतो, म्हणून संशयित वाचन तसे नोंदवून ठेवावे. दुसरी, एका मजकुराची खात्री दुसऱ्या स्वतंत्र मजकुराने करावी. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, आधीच्या अभ्यासकांनी आपले वाचन आणि लेखाची प्रतिमा दोन्ही छापून ठेवली होती, म्हणूनच ते वाचन पुढच्याला तपासता आले. चूक दुरुस्त होऊ शकेल अशा रीतीने काम मांडणे, हे या सगळ्या शास्त्राचे मर्म आहे.

पाठ पक्का करण्याचे दुसरे उदाहरण याच जिल्ह्यातल्या कारंजा लाड येथे मिळते. कारंजा हे जैन भट्टारकांचे जुने पीठ. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे तिथे आहेत आणि त्यांच्या भांडारांत हस्तलिखितांचा मोठा साठा जपला गेला. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली. तीत कारंजाच्या ग्रंथांमुळे अपभ्रंश साहित्याचा मोठा ठेवा अभ्यासकांसमोर आला. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेतून या ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या निघू लागल्या. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन त्या कामाचे मुख्य आधार होते.

या मालेत १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ संपादित केले. पुष्पदंत दहाव्या शतकातला, राष्ट्रकूटांच्या मान्यखेटातला कवी. पण आज हाती येणाऱ्या त्याच्या काव्यातला प्रत्येक शब्द त्याचा नाही. विक्रम संवत १३६५ मध्ये, म्हणजे तीनशेहून अधिक वर्षांनी, गंधर्व नावाच्या कवीने त्यात तीन प्रसंगांची भर घातली : कौलाचार्याचे राजाकडे येणे, कथानायक यशोधराचा विवाह आणि पात्रांचे जन्मोजन्मीचे भ्रमण. ही भर आपली आहे हे गंधर्वाने काव्यातच सांगून ठेवले आहे. सगळेच भर घालणारे इतके प्रामाणिक नसतात, म्हणून संपादकाला अनेक पोथ्या शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवावी लागते. आता एखाद्याने हे सगळे काव्य दहाव्या शतकातले समजून त्यातल्या विवाहवर्णनावरून राष्ट्रकूटकालीन विवाहपद्धतीवर निबंध लिहिला, तर तो तीनशेहून अधिक वर्षांनंतरच्या मजकुरावर बोलत असण्याचा धोका आहे.

आजच्या मजकुरालाही हे लागू आहे. वर्तमानपत्राची सकाळची छापील आवृत्ती, तीच बातमी संकेतस्थळावर दुपारी बदललेल्या मथळ्याने, आणि जिल्हा आवृत्तीत तिचा कापलेला भाग, हे तीन वेगळे पाठ आहेत. आपण कोणता घेतला ते तारीख, आवृत्ती आणि पानासह लिहून ठेवलेच पाहिजे.

दुसरी पायरी : जवळून वाचणे

वाशीमचा ताम्रपट पुन्हा हाती घेऊ. पाठ पक्का झाल्यावर त्याला प्रश्न विचारायचे.

*कोणता भाग कोणत्या भाषेत आहे?* राजाची वंशावळ संस्कृतात आहे. गाव कुठले, कोणाला दिले, कोणत्या सवलतींसह दिले, हा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. एकाच लेखात प्रतिष्ठेची भाषा आणि व्यवहाराची भाषा वेगळी ठेवलेली दिसते. वाकाटकांच्या नंतरच्या दानलेखांत संपूर्ण संस्कृत आढळते. म्हणजे हा लेख भाषेच्या वळणावर उभा आहे. तो कालक्रमात कुठे बसतो याचा एक धागा इथे मिळतो. कालमापनही असेच बोलके आहे. शक किंवा गुप्त असा कोणताही संवत न देता राज्यवर्ष, हेमंत ऋतूचा पंधरवडा आणि दिवस अशी सातवाहनकाळापासून चालत आलेली जुनी रीत इथे दिसते. उलट वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याला सापडलेल्या, राजा देवसेनाच्या काळातल्या शिलालेखात शक ३८०, म्हणजे इ. स. ४५८, असे वर्ष स्पष्ट दिले आहे. वाकाटकांच्या इतिहासाला खुंटा मिळतो तो अशा लेखामुळे.

*कोण बोलतो आणि कोणाशी?* दानलेख राजाच्या नावाने असला तरी तो ऐकवायचा असतो गावावर नेमलेल्या अधिकाऱ्यांना आणि शिपायांना. म्हणून त्याचा सूर आज्ञेचा आहे.

*न सांगता काय सांगितले आहे?* सवलतींची यादी पाहा. या गावात सैनिकांनी शिरू नये. मीठ खणण्याच्या सरकारी हक्कापासून गाव मुक्त. सोने-धान्याची वसुली नाही. फुले-दूध घ्यायचे नाही, पाळीपाळीने बैल मागायचे नाहीत, चामडे आणि कोळसा मागायचा नाही. गावात सापडलेला निधी आणि ठेवाही दान घेणाऱ्यांचाच. यादीतला प्रत्येक नकार एका होकाराकडे बोट दाखवतो. ज्या गावांना अशी सनद नव्हती, त्यांना शिपायांचे येणे-जाणे सोसावे लागत होते आणि बैल, दूध, कोळसा पुरवावा लागत होता. राजाची स्तुती करणाऱ्या लेखातून चौथ्या शतकातल्या कुणब्याच्या अंगावरचा बोजा वाचता येतो. मला या पद्धतीचे मोल सर्वांत जास्त इथे वाटते. ज्यांच्याबद्दल कोणी लिहून ठेवले नाही, त्यांच्यापर्यंत पोचायची वाट पुष्कळदा दुसऱ्यांच्याच मजकुरातून जाते.

पण इथेच थांबले तर निष्कर्ष घाईचा ठरेल. अशीच, काही ठिकाणी अगदी शब्दाला शब्द जुळणारी यादी पल्लव राजा शिवस्कंदवर्म्याच्या प्राकृतातल्या हिरेहडगळ्ळीच्या ताम्रपटात आहे. तो प्रदेश कितीतरी दक्षिणेकडचा, आणि घराणेही वेगळे. मग ही यादी आकासपद्द गावाची खरी स्थिती सांगते, की दानलेखांचा एक ठरलेला मसुदा लेखनिकांमध्ये फिरत होता? आजही खरेदीखतात ‘झाडझाडोरा, दगडधोंडा, निधिनिक्षेपासह’ असे लिहितात. त्यावरून त्या शेतात निधी सापडला होता असे कोणी म्हणणार नाही. मसुदा कोणता आणि मुद्दाम घातलेला तपशील कोणता, हे एका लेखाकडे कितीही वेळ पाहिले तरी कळत नाही. त्यासाठी पुष्कळ लेख एकत्र ठेवून मोजावे लागते. संहिताविश्लेषण आपल्याला आशयविश्लेषणाच्या दाराशी आणून सोडते ते असे.

तिसरी पायरी : मोजणे

समजा, वाकाटकांचे उपलब्ध दानलेख एका तक्त्यात मांडले. प्रत्येक ओळीत एक लेख : वाशीम, चम्मक, पुणे, रिद्धपूर, बिदर, थाळनेर वगैरे. प्रत्येक स्तंभात एक सवलत : सैनिकांना मज्जाव, मीठ, फुले-दूध, बैल, चामडे-कोळसा, वेठ, निधी. जिथे सवलत आहे तिथे खूण. तक्ता भरला की जी खूण जवळपास सगळ्या ओळींत आहे ती मसुद्याचा भाग असण्याची शक्यता जास्त. जी एक-दोन ठिकाणीच आहे ती त्या गावाबद्दल किंवा त्या दानाबद्दल काही विशेष सांगत असावी. उदाहरणार्थ, दुसऱ्या प्रवरसेनाच्या चम्मक ताम्रपटात हजार ब्राह्मणांना गाव देताना, त्यांनी राज्याविरुद्ध द्रोह करू नये, इतर गावांशी भांडू नये, अशा अटी घातल्या आहेत. नेहमीच्या मसुद्यात ही गोष्ट उठून दिसते आणि त्या दानामागच्या राजकीय काळजीकडे लक्ष वेधते.

हेच तंत्र वर्तमानकाळातल्या मजकुराला लावले की त्याला सामाजिक शास्त्रांत आशयविश्लेषण म्हणतात. वृत्तपत्रांचे मोजमाप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. १८९३ मध्ये जॉन गिल्मर स्पीड यांनी न्यूयॉर्कच्या दैनिकांची १८८१ सालच्या अंकांशी तुलना केली. धर्म, विज्ञान, साहित्य यांची जागा घटून कंड्या, खेळ आणि भानगडी वाढल्याचे त्यांनी दाखवले. १९१० मध्ये मॅक्स वेबर यांनी फ्रँकफर्टच्या समाजशास्त्र परिषदेत वृत्तपत्रांच्या पद्धतशीर अभ्यासाची योजना मांडली. १९५२ मध्ये बर्नार्ड बेरेलसन यांनी या पद्धतीची व्याख्या घट्ट केली. मजकुरात उघडपणे जे आहे त्याचे वस्तुनिष्ठ, पद्धतशीर आणि संख्यात्मक वर्णन, असा तिचा आशय. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांनी १९८० च्या ग्रंथात पुढे जाऊन मजकुराचा संदर्भ आणि त्यावरून काढायचा निष्कर्ष यांना मध्यभागी आणले.

आता वाशीमचे आजचे उदाहरण घेऊ. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे अर्थकारण सोयाबीन, तूर आणि कपाशीवर चालते. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले त्यांत वाशीम होता. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला ४,८९२ रुपये आणि २०२५-२६ साठी ५,३२८ रुपये ठरला. हमीभाव आणि बाजार समितीतला प्रत्यक्ष दर यांतले अंतर हा इथल्या घराघराचा प्रश्न आहे. संशोधकाचा प्रश्न असा असू शकतो : दर पडल्याची बातमी देताना वर्तमानपत्रे त्याला जबाबदार कोण धरतात?

*प्रश्न असा बांधावा.* ‘सोयाबीन आणि माध्यमे’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ज्याचे उत्तर मजकुरातून मिळू शकते तोच प्रश्न घ्यावा. ‘वर्तमानपत्रांमुळे शेतकऱ्यांचे मत बदलले का’ याचे उत्तर बातम्या मोजून कधीच मिळणार नाही, त्यासाठी शेतकऱ्यांना भेटावे लागेल.

*नमुना असा निवडावा.* ‘देशोन्नती’, ‘लोकमत’ यांसारख्या दैनिकांच्या या भागातल्या आवृत्त्या आणि शेतीला वाहिलेले ‘ॲग्रोवन’ असे वेगळ्या स्वभावाचे अंक घ्यावेत. सोयाबीनची आवक दसरा-दिवाळीच्या सुमारास वाढते, तर हमीभाव खरिपाच्या तोंडावर जाहीर होतो. फक्त ऑक्टोबर-नोव्हेंबरचे अंक घेतले तर हमीभावाची चर्चाच निसटेल, म्हणून वर्षभराचे अंक हवेत. सगळे वाचणे शक्य नसेल तर वारांची जुळवणी करतात. वर्षातल्या सगळ्या सोमवारांतून चिठ्ठी टाकून एक सोमवार, तसाच एक मंगळवार, असे सात वार मिळून एक आठवडा तयार करायचा. पुरवणीचा वार, बाजार समितीच्या सुटीचा वार यांचा झुकाव त्यामुळे टळतो. वर्षभराच्या दैनिकासाठी असे दोन आठवडे पुरेसे ठरतात, असे रिफ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये तपासून दाखवले आहे. मात्र एखादा विषय अधूनमधूनच छापून येत असेल तर नमुना वाढवावा लागतो.

*एकक असे ठरवावे.* मोजायचे काय? पूर्ण बातमी, मथळा, परिच्छेद की वाक्य? एका बातमीत आडत्याचेही म्हणणे असते, आमदाराचेही आणि शेतकऱ्याचेही. बातमी हे एकक धरले तर तिघांची सरमिसळ होते, उद्धृत विधान धरले तर वेगळे करता येतात. ज्या प्रश्नाला जे एकक, ते आधी लिहून ठेवावे.

*संकेतपुस्तिका अशी करावी.* कोणत्या मजकुराला कोणती खूण द्यायची त्याचे लेखी नियम म्हणजे संकेतपुस्तिका. हाच या पद्धतीचा कणा. आमच्या उदाहरणात जबाबदारीचे गट असे होतील : सरकार व आयात-निर्यात धोरण, व्यापारी व आडते, निसर्ग व कीड, मालाचा दर्जा व ओलावा, शेतकरी स्वतः, आणि कोणीच नाही. आता हे तीन मथळे पाहा. ते उदाहरणादाखल मी रचले आहेत.

सोयाबीनचे दर घसरले.

व्यापाऱ्यांनी सोयाबीनचे दर पाडले.

सोयाबीन मातीमोल दराने विकण्याची शेतकऱ्यांवर वेळ.

घटना एकच, पण पहिल्या वाक्यात दर आपोआप घसरतात, कोणी काही केलेले नाही. दुसऱ्यात करणारा समोर आहे. तिसऱ्यात भोगणारा समोर आहे, पण ती वेळ आणली कोणी हे गायब आहे. पहिला मथळा ‘कोणीच नाही’ या गटात जाईल, दुसरा ‘व्यापारी’ गटात. तिसऱ्याचे काय? इथे दोन माणसांची मते भिन्न होतील, म्हणून पुस्तिकेत नियम लागतो. ‘भोगणारा सांगितला पण करणारा सांगितला नाही, तर जबाबदारीच्या रकान्यात “कोणीच नाही” आणि वेगळ्या रकान्यात “शेतकऱ्याचा त्रास उल्लेखिला” अशी खूण करावी.’ प्रत्येक नियमाखाली एक बसणारे आणि एक न बसणारे उदाहरण द्यावे. दोन-तीनदा नमुना वाचून नियम सुधारावेत आणि मग मात्र गोठवावेत. मोजणी सुरू झाल्यावर नियम बदलले तर आधीचे सगळे पुन्हा मोजावे लागते.

*दोघांनी मोजावे.* एकाच माणसाने केलेल्या खुणा म्हणजे त्याचे वैयक्तिक मत असू शकते. म्हणून दोन माणसे, एकमेकांशी न बोलता, तेच अंक तपासतात. समजा शंभर बातम्यांत ‘सरकारला जबाबदार धरले आहे का’ हे दोघांनी पाहिले. पन्नास बातम्यांत दोघेही ‘हो’ म्हणाले, तिसांत दोघेही ‘नाही’. दहा बातम्यांत पहिला ‘हो’ आणि दुसरा ‘नाही’ म्हणाला, दहांत उलट. एकमत ८० टक्के झाले. ऐकायला छान वाटते, पण दोघांनी मनाला येईल तशा खुणा केल्या असत्या तरी काही ठिकाणी जुळले असतेच. दोघांचेही ‘हो’ साठ आणि ‘नाही’ चाळीस आहेत. तेव्हा नशिबाने जुळण्याचे प्रमाण ०.६ गुणिले ०.६ अधिक ०.४ गुणिले ०.४, म्हणजे ०.५२. खरे एकमत ०.८० वजा ०.५२, म्हणजे ०.२८. त्याला उरलेल्या ०.४८ ने भागले की साधारण ०.५८. जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलेला हा कप्पा गुणांक. क्रिपेनडॉर्फ यांनी आपल्या अल्फा गुणांकासाठी ०.८० ही अपेक्षा ठेवली आहे आणि ०.६७ च्या खाली निष्कर्ष काढू नये असे म्हटले आहे. तितक्या कडक नजरेने पाहिले तर ०.५८ कमी पडते. अशा वेळी माणसांना दोष न देता पुस्तिकेतला धूसर नियम शोधून दुरुस्त करावा.

संगणक मदतीला घेताना

आता मजकूर संगणकावर असतो, तेव्हा शब्द शोधून मोजण्याचा मोह होतो. मराठीत तो फार जपून आवरावा लागतो. ‘शेतकरी’ हा शब्द शोधला तर ‘शेतकऱ्यांनी’, ‘शेतकऱ्याला’, ‘शेतकऱ्यांच्या’ ही सगळी रूपे सुटतात, कारण सामान्यरूपात शब्दाचे अंगच बदलते. ‘शेतक’ एवढाच तुकडा शोधला तर बहुतेक रूपे सापडतात. त्यातही ‘ऱ्या’ हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवले जाते. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन शब्द यंत्राला वेगळे असतात. ‘सोयाबीन’ काहीजण ‘सोयाबिन’ असे लिहितात. ‘भावाने’ हे रूप सोयाबीनच्या भावाचेही असते आणि सख्ख्या भावाचेही. ‘दर’ म्हणजे किंमत, पण ‘दर शनिवारी’ मध्ये तो वेगळाच. शिवाय युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये असतात आणि त्यांतून थेट शोध घेता येत नाही. म्हणून यंत्राने मोजलेल्यातले शे-दोनशे नमुने हाताने तपासून किती चुकले आणि किती सुटले हे प्रबंधात सांगावे. यंत्र वेग देते, पण अर्थाची जबाबदारी वाचणाऱ्याचीच राहते.

आकड्यांवरून परत मजकुराकडे

मोजणी संपली की काम संपले असे नाही. समजा निम्म्याहून अधिक बातम्या ‘कोणीच नाही’ या गटात पडल्या. त्याचा अर्थ पत्रकारांनी कोणाला तरी पाठीशी घातले असा होत नाही. बाजार समितीचे रोजचे दरपत्रक घाईने बातमीत उतरवताना ‘घसरले’ हेच क्रियापद हाताशी येत असेल. दानलेखाच्या सवलतींसारखाच तोही मसुदा असू शकतो. ते कळण्यासाठी त्या गटातल्या काही बातम्या पुन्हा जवळून वाचाव्या लागतात, वार्ताहरांशी बोलावे लागते, आणि ज्या दिवशी करणारा सांगितला गेला त्या दिवशी वेगळे काय घडले होते ते पाहावे लागते. आशयविश्लेषण कुठे पाहायचे ते दाखवते, संहिताविश्लेषण काय आहे ते सांगते. एकटी मोजणी पोकळ राहते आणि एकटे वाचन आपल्या आवडीच्या ओळीच वेचते. दोन्ही पद्धती एकमेकींवर पहारा ठेवतात, म्हणून त्या जोडीने वापराव्यात, असे माझे ठाम मत आहे.

मर्यादाही स्पष्ट ठेवाव्यात. छापून आले ते म्हणजे घडले असे नाही, आणि छापून आले नाही ते घडलेच नाही असेही नाही. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला येणाऱ्या बंजारा समाजाची गाणी, कथा आणि भजने शतकानुशतके तोंडीच चालत आली. फक्त लिखित मजकुरावर विसंबलो तर जिल्ह्याचा एवढा मोठा आवाज आपल्या तक्त्यातून बाहेर राहील. तो लिहून घ्यायचा तर कोण गाते, कोणत्या प्रसंगी आणि गोरबोलीतला उच्चार देवनागरीत कसा उतरवला, हे सगळे संहितेचाच भाग म्हणून नोंदवावे लागेल.

वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांत अभ्यासाला मजकूर भरपूर आहे. ग्रामसभांची इतिवृत्ते, बाजार समित्यांचे दरफलक, शाळांच्या जुन्या स्मरणिका, यात्रांची पत्रके, वाचनालयांत बांधून ठेवलेल्या अंकांच्या फाइली. एम. ए. च्या विद्यार्थ्याला त्यासाठी मोठे अनुदान लागत नाही. सुरुवात लहान असावी : एक नेमका प्रश्न, वीस मजकूर, एका पानाची संकेतपुस्तिका आणि प्रामाणिकपणे असहमत होईल असा एक सहकारी. काम झाल्यावर निष्कर्षाबरोबर पुस्तिका आणि भरलेला तक्ताही जोडावा. आपले नियम घेऊन उद्या दुसऱ्या कोणी तेच मजकूर पुन्हा मोजले आणि आपल्याला चूक ठरवले, तर ते आपल्या कामाचे यशच समजावे, कारण तपासता येईल असे काही आपण मागे ठेवले होते.